वाचकांचे प्रश्न : बांधलेली गाढवी आणि ग्रीक ‘ओनोस’

प्रश्न १ (वसई येथील एका वाचकाकडून) : झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या यरुशलेम प्रवेशाचे वाचन होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरे आहेत, मार्क आणि लूक यांच्याकडे फक्त शिंगरू आहे, आणि योहान एकाच जनावराविषयी बोलतो. ग्रीक शिकू लागल्यावर मी मूळ पाठ काढून पाहिला, तेव्हा मत्तयात ‘ओनोस’ हा शब्द आढळला. ‘-ओस’ हा पुल्लिंगाचा प्रत्यय आहे असे आम्हाला शिकवले आहे. मग मराठी भाषांतरात ‘गाढवी’ कोठून आली? आणि योहानाचा ‘ओनारिओन’ हा आणखी निराळा प्राणी समजायचा काय?

उत्तर : गाढवी भाषांतरकारांनी बाहेरून आणलेली नाही, ती मूळ ग्रीक वाक्यात बांधलेलीच होती. आपण शिकलेला नियम चुकीचा नसला तरी तो अर्धाच आहे. ‘-ओस’ने संपणारी बहुतेक ग्रीक नामे पुल्लिंगी असतात हे खरे, पण नाम कोणत्या गटाप्रमाणे चालवायचे एवढेच हा प्रत्यय सांगतो, त्याचे लिंग ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. ‘होदोस’ म्हणजे रस्ता आणि ‘नेसोस’ म्हणजे बेट ही दोन्ही नामे ‘-ओस’ने संपतात आणि दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. काही प्राण्यांची नावे तर उभयलिंगी असतात : ‘हिप्पोस’ घोडाही असतो आणि घोडीही, ‘कामेलोस’ उंटही असतो आणि सांडणीही, आणि ‘ओनोस’ गाढवही असते आणि गाढवीही. शब्दाचे रूप जराही बदलत नाही.

मराठी वाचकाला हे विचित्र वाटण्याचे कारण नाही. ‘डॉक्टर आला’ आणि ‘डॉक्टर आली’ या दोन वाक्यांत ‘डॉक्टर’ हा शब्द तसूभरही बदलत नाही, तरी दार उघडल्यावर पुरुष दिसणार की बाई हे आपल्याला क्रियापदावरून आधीच कळलेले असते. ग्रीकमध्ये हे काम मुख्यतः उपपद, म्हणजे नामाआधी येणारा इंग्रजी ‘द’सारखा शब्द, करते. पुल्लिंगी उपपद ‘हो’ आणि स्त्रीलिंगी उपपद ‘हे’. म्हणजे ‘हो ओनोस’ हा नर आणि ‘हे ओनोस’ ही मादी. (मराठी डोळ्याला ‘हे ओनोस’ नपुंसकलिंगी दिसते आणि वर्गात त्यावरून हसू होते, पण हा ‘हे’ ग्रीकांचा आहे.) उपपद नसेल तर विशेषण, धातुसाधित किंवा सर्वनाम लिंग दाखवते. थोडक्यात, शब्दाला एकटे धरून प्रश्न विचारला तर तो गप्प राहतो. शेजाऱ्यांना विचारावे लागते.

आता मत्तय २१:२ पाहू. येशू दोघा शिष्यांना समोरच्या गावात पाठवतो आणि तेथे काय आढळेल ते सांगतो. ग्रीक शब्द आहेत : ‘ओनोन देदेमेनेन काइ पोलोन मेत आउतेस’. ‘ओनोन’ ही ‘ओनोस’ची द्वितीया आहे. येथे उपपद नाही, त्यामुळे हा शब्द स्वतःहून काहीच सांगत नाही. पण त्याला लागून आलेले ‘देदेमेनेन’ हे ‘बांधणे’ या धातूचे धातुसाधित स्त्रीलिंगी आहे. पुल्लिंगी असते तर ‘देदेमेनोन’ झाले असते. पुढचे ‘आउतेस’ हे सर्वनामही स्त्रीलिंगी षष्ठीचे आहे, म्हणजे ‘तिच्यासोबत’. दोन साक्षीदार एकाच गोष्टीची ग्वाही देतात. मराठीतही अगदी असेच घडते, कारण ‘बांधलेला’, ‘बांधलेली’ आणि ‘बांधलेले’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. मार्क ११:२ मध्ये हेच धातुसाधित ‘पोलोन देदेमेनोन’ असे येते : तेथे बांधलेले आहे ते शिंगरू, आणि आईचा उल्लेखच नाही. एकाच क्रियेच्या दोन रूपांतल्या एका स्वरात दोन शुभवर्तमानांचा फरक सामावला आहे.

सातव्या ओवीत तर संशयाला जागाच उरत नाही. शिष्य ‘तेन ओनोन काइ तोन पोलोन’ घेऊन येतात. ‘तेन’ स्त्रीलिंगी, ‘तोन’ पुल्लिंगी. (‘पोलोस’ येथे पुल्लिंगी आहे, आपले ‘शिंगरू’ नपुंसकलिंगी आहे, आणि भाषांतरकाराने आपल्या भाषेच्या लिंगानुसार जावे हेच योग्य.) त्या काळापूर्वीच्या हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरातही हीच पद्धत दिसते. उत्पत्ती ४९:११ मध्ये ‘तेस ओनू’ असे स्त्रीलिंगी उपपदानेच ‘गाढवीचे’ हा अर्थ साधला आहे, आणि बलामाची बोलणारी गाढवी गणना २२ मध्ये सतत ‘हे ओनोस’ म्हणूनच येते.

मात्र याच सातव्या ओवीत एक अशी जागा आहे जेथे व्याकरण हात वर करते, आणि तेथे ते निकाल देते असे भासवणारे भाष्यकार मला पटत नाहीत. शिष्यांनी ‘त्यांच्यावर’ आपली वस्त्रे घातली आणि येशू ‘त्यांवर’ बसला, असे वाक्य आहे. हा दुसरा ‘त्यांवर’ कोणाला उद्देशून? दोन जनावरांना की वस्त्रांना? ग्रीक सर्वनाम आहे ‘आउतोन’, म्हणजे अनेकवचनी षष्ठी, आणि या विभक्तीत तिन्ही लिंगांचे रूप एकच असते. वस्त्रे नपुंसकलिंगी, गाढवी स्त्रीलिंगी, शिंगरू पुल्लिंगी. पण ‘आउतोन’ सर्वांना सारखेच लागू पडते. वस्त्रे हा सर्वांत जवळचा शब्द असल्यामुळे माझा कल तिकडे आहे, तथापि त्याच ओवीतले पहिले ‘आउतोन’ निःसंशय जनावरांसाठी असल्यामुळे दुसरेही त्यांच्याकडेच वळते, असे म्हणणाऱ्याला मी व्याकरणाच्या जोरावर खोटे ठरवू शकत नाही. सुदैवाने मराठी भाषांतरकाराला येथे निवड करण्याची सक्ती नाही, कारण प्रथमेत ‘ते, त्या, ती’ असा भेद पाळणारी मराठी ‘त्यांवर’ म्हणताना तो भेद सोडून देते. मूळातली संदिग्धता जशीच्या तशी उतरवण्याची सोय दर वेळी मिळत नाही. मिळाली तर ती घ्यावी.

दोन जनावरे आली कोठून, हा आपल्या प्रश्नामागचा प्रश्न आहे. मत्तय जखऱ्या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातील वचन उद्धृत करतो. मूळ वचन हिब्रू काव्य आहे, आणि त्या काव्यात एकच गोष्ट पहिल्या चरणात एका शब्दाने आणि दुसऱ्या चरणात दुसऱ्या शब्दांनी सांगण्याची रीत आहे. राजा ‘गाढवावर’ आणि ‘गाढवीच्या पोरावर’ बसून येतो, म्हणजे एकाच जनावरावर येतो. मत्तयाच्या ग्रीक अवतरणात (२१:५) दोन चरणांमध्ये ‘काइ’ आहे. हा ‘काइ’ बहुधा ‘आणि’ असतो, पण ‘म्हणजेच’ या अर्थीही तो वापरतात. शिवाय या पाचव्या ओवीतल्या ‘ओनोन’ला ना उपपद आहे ना विशेषण; म्हणून तेवढ्या चरणापुरते तिचे लिंग कळत नाही, आणि हिब्रूतला शब्द तर नराचा आहे. दुसऱ्या चरणात ‘हुपोझुगिओन’ हा शब्द येतो. त्याचा अवयवार्थ ‘जुवाखालचे जनावर’ असा आहे, आणि त्यातला ‘झुगोन’, संस्कृतातला ‘युग’ आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे ‘जू’ हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. अवयवार्थ काहीही असो, इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरील (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील) कागदपत्रांत हा शब्द सरळ गाढवासाठी वापरलेला दिसतो, त्यामुळे तेथे बैल कल्पू नये.

मार्क आणि लूक यांच्या ‘पोलोस’विषयी एक वाद नोंदवतो. कोशकार वाल्टर बावर यांनी १९५३ मध्ये असे मांडले की शेजारी दुसऱ्या जनावराचे नाव नसेल तर ‘पोलोस’ म्हणजे घोड्याचे पिलू किंवा घोडाच समजावा. मुख्य प्रवाहातल्या ग्रीक वाङ्मयापुरते त्यांचे निरीक्षण दुर्लक्षिण्यासारखे नाही, पण ज्या लेखकांच्या कानात जखऱ्याचे वचन घुमत होते, त्यांच्या बाबतीत गाढव वाक्यात उघड नसले तरी मनात होतेच, असे मला वाटते.

आता ‘ओनारिओन’. योहान १२:१४ मध्ये येशूला ‘ओनारिओन’ सापडते आणि तो त्यावर बसतो. ‘ओनोस’ला ‘-आरिओन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून हे नाम झाले आहे. अशी ‘-इओन’ने संपणारी नामे ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी असतात, मग मूळ शब्द कोणत्याही लिंगाचा असो. आपल्याकडेही वासरू, करडू, कोकरू, शिंगरू, पिल्लू ही सगळी मंडळी नपुंसकलिंगातच नांदतात. लहानपण आणि नपुंसकलिंग यांची ही जोडी दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने जमवली आहे. पण प्रत्ययावरून ‘लहानसे गाढव’ असा अर्थ पक्का करता येत नाही. पहिल्या शतकातल्या बोली ग्रीकमध्ये हे प्रत्यय फार स्वस्त झाले होते. योहानाच्याच लेखनात पाच भाकरी आणणारा मुलगा ‘पायदारिओन’ आहे, त्याच्याजवळचे मासे ‘ओप्सारिआ’ आहेत (६:९), आणि पेत्राने तलवारीने छाटलेला मुख्य याजकाच्या दासाचा कान ‘ओतारिओन’ आहे (१८:१०). मोठ्या माणसाचा ‘इवलासा कान’ येथे कोणालाही अभिप्रेत नाही. चाळिशीच्या मुलाला आई ‘माझं लेकरू’ म्हणते तेव्हा ती त्याची उंची सांगत नसते.

या शब्दाचा आणखी एक वापर सांगण्याजोगा आहे. दासपणातून मुक्त झालेला आणि पुढे निकोपोलिस येथे शिकवणारा तत्त्वज्ञ एपिक्तेतस शिष्यांना सांगतो की शरीराला लादलेल्या ‘ओनारिओन’सारखे वागवावे : चालते आहे तोवर चालू द्यावे, आणि वेठबिगारीसाठी एखाद्या शिपायाने ते धरून नेले तर सोडून द्यावे, कुरकुरही करू नये, नाहीतर मार खावा लागेल आणि गाढव जायचे ते जाईलच. येथे लघुत्वाचा प्रत्यय आकाराविषयी काही बोलत नाही. त्यात थोडी कीव आहे, थोडी तुच्छता आहे. मराठीत ‘बिचारे गाढव’ म्हटले की जवळपास तेच होते.

तेव्हा योहानाचे जनावर निराळे नाही. पुढच्याच ओवीत तो ‘पोलोन ओनू’, म्हणजे गाढवाचे शिंगरू, असे वचन देतो, आणि ते लहान होते हे आपल्याला त्या वचनावरून कळते, ‘-आरिओन’वरून नव्हे. त्या ‘ओनू’ला मात्र उपपद नाही. गाढवाचे की गाढवीचे, हे योहानाने सांगितलेले नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात माणसांना एवढी संदिग्धता परवडत नसे. रोमन काळातल्या इजिप्तमधील गाढवांच्या खरेदीखतांत ‘ओनोन’ हा शब्द एकटा सोडत नाहीत; त्याला ‘थेलेइआन’ म्हणजे मादी अशी जोड देतात, मग दात पडण्यावरून वय सांगणारा शब्द, मग ‘मुओख्रून’ म्हणजे उंदरी रंगाची, आणि शेवटी ‘आहे तशी, परत न घेण्याच्या बोलीवर’ अशी अट. पौषात जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तेथेही जबडा उघडून ‘दुवान’ की ‘चौवान’ ते पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. त्या व्यापाऱ्यांना ते खरेदीखत वाचून दाखवले तर भाषांतराची फारशी गरज पडणार नाही.

प्रश्न २ (सांगली येथील एका शिक्षिकेकडून) : इराणच्या झर्क्सिसने समुद्रावर नावांचा पूल बांधला, त्या प्रसंगाच्या इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या तळटीपेत ‘मूळात येथे लाकडी गाढवे आहेत’ असे वाचले. हे काय प्रकरण आहे? आणि ग्रीक म्हणींत गाढव इतक्या वेळा का येते?

उत्तर : तळटीप बरोबर आहे. इ.स.पू. ४८० च्या स्वारीसाठी हेलेस्पॉन्टच्या सामुद्रधुनीवर नावा जोडून दोन पूल केले, त्याचे वर्णन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आपल्या इतिहासाच्या सातव्या पुस्तकात दिले आहे. एका पुलाखाली ३६० आणि दुसऱ्याखाली ३१४ नावा होत्या, आणि प्रत्येक पुलासाठी अळशीच्या तागाचे दोन व पपायरसचे चार असे जाड दोर काठावरून ताणले होते. ते पिळून ताणण्याचे काम ‘ओनोइसी क्सुलिनोइसी’ने, म्हणजे शब्दशः ‘लाकडी गाढवांनी’, केले. हा दोर गुंडाळण्याचा रहाट होय. ओझे ओढणाऱ्या यंत्राला ओझे वाहणाऱ्या जनावराचे नाव मिळाले. आपल्या बंदुकीलाही घोडा असतो आणि रंगारीही घोड्यावर चढून छत रंगवतो, तेव्हा ग्रीकांना हसण्याचे कारण नाही.

‘ओनोइसी’ हे रूप पाहून घाबरू नये. अथेन्सच्या ग्रीकमध्ये ही अनेकवचनी चतुर्थी ‘ओनोइस’ अशी असते. हेरोडोटस आयोनियन बोलीत लिहितो, म्हणून त्याच्याकडे जुना लांब प्रत्यय टिकला आहे. संस्कृत जाणणाऱ्यांनी ‘देवेषु’मधला ‘-एषु’ आठवावा. दोन्ही प्रत्यय एकाच घरचे आहेत. बाकीची रूपेही अकारान्त पुल्लिंगी शब्दाच्या जवळची आहेत : प्रथमा ‘ओनोस’, द्वितीया ‘ओनोन’, षष्ठी ‘ओनू’, संबोधन ‘ओने’. संस्कृताप्रमाणे द्विवचनही आहे, ‘ओनो’, म्हणजे दोन गाढवे. एक सावधगिरी सांगतो : देवनागरीत लिहिल्यावर एकवचनी द्वितीया आणि अनेकवचनी षष्ठी ही दोन्ही ‘ओनोन’ अशी सारखी दिसतात, पण ग्रीक लिपीत पहिल्या रूपाच्या शेवटी ऱ्हस्व ‘ओ’चे अक्षर आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी दीर्घ ‘ओ’चे. या भाषेचा अभ्यास देवनागरी टिपणांवर करू नये, याचे हे एक कारण.

या शब्दाचे अर्थ पुष्कळ पसरले होते. कॉडसारख्या एका माशाला ‘ओनोस’ म्हणत. ‘ओनिस्कोस’ म्हणजे ‘छोटे गाढव’ हे नाव दगडाखाली राहणाऱ्या करड्या किड्यालाही होते. लोकर विंचरताना बायका मांडीवर पन्हळीसारखे भाजक्या मातीचे जे आवरण ठेवत, त्यालाही ‘ओनोस’ हेच नाव होते. कर्क राशीतल्या दोन ताऱ्यांना ‘गाढवे’ आणि त्यांच्यामधल्या धूसर तारकापुंजाला ‘गव्हाण’ म्हणत. चेंडूच्या खेळात जो चुकेल त्याला मुले ‘ओनोस’ म्हणून खाली बसवत, हे प्लेटोने सांगून ठेवले आहे. ही मुले आपल्या गल्लीतली वाटतात.

नवशिक्याची खरी फजिती होते ती क्सेनोफोन या ग्रीक इतिहासकाराकडे. इ.स.पू. ४०१ मध्ये युफ्रेटिसच्या काठाने चाललेल्या सैन्याचे वर्णन करताना तो एकाच प्रकरणात दोन प्रकारचे ‘ओनोस’ दाखवतो. आधी रानगाढवे येतात : स्वारांनी पाठलाग केला की ती धावत पुढे जाऊन थांबतात, कारण ती घोड्यांपेक्षा वेगवान असतात, घोडे जवळ आले की पुन्हा तेच, स्वारांनी अंतराअंतरावर उभे राहून आळीपाळीने दौडवल्याशिवाय ती हाती लागत नाहीत, आणि त्यांचे मांस हरणासारखे पण अधिक मऊ असते. थोडे पुढे गेल्यावर एका वैराण प्रदेशातले लोक नदीकाठी ‘ओनोस’ खणून काढतात, घडवतात, बाबिलोनला नेऊन विकतात आणि त्या पैशांतून धान्य घेऊन पोट भरतात. नदीकाठी गाढवे खणून काढणारे लोक, असे भाषांतर एका उत्तरपत्रिकेत मी स्वतः वाचले आहे. येथेही शेजारच्या शब्दाला विचारायला हवे होते. पहिल्या ठिकाणी ‘आग्रिओइ’, म्हणजे रानटी, असे विशेषण आहे. दुसऱ्या ठिकाणी ‘आलेतास’, म्हणजे दळणारे. हे जात्याचे दगड आहेत.

मत्तय १८:६ मध्ये लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जे बांधावे असे म्हटले आहे, तो ‘मुलोस ओनिकोस’ याच कुळातला. ‘ओनिकोस’ हे ‘ओनोस’पासून झालेले विशेषण, ‘गाढवाचा’. घरात दोन बायका समोरासमोर बसून फिरवतात त्या जात्याचे हे पेड नव्हे. जनावर जुंपून फिरवायचा अवजड दगड आहे. वरच्या दगडाला ‘ओनोस’ म्हणायचे ते गाढव तो फिरवते म्हणून, की राहाटासारखेच एक राबणारे अवजार म्हणून, यावर एकमत नाही. क्सेनोफोनच्या काळातला वापर पाहता दुसरा पर्याय मला अधिक सयुक्तिक वाटतो.

म्हणींकडे वळू. गाढव म्हणींत येते कारण ते अंगणात होते. यापेक्षा खोल कारण शोधण्याची गरज नाही. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र त्यांतल्या तीन म्हणी मोलाच्या आहेत, कारण तिन्ही षष्ठीवर उभ्या आहेत. पहिली ‘ओनोस लुरास’. ‘लुरास’ ही ‘लुरा’ या तंतुवाद्याची षष्ठी. ‘चा-ची-चे’ लावून सरळ अर्थ केला तर ‘वीणेचे गाढव’ असे काहीतरी हाती येते. पण ग्रीकमध्ये ‘ऐकणे’ या क्रियापदाचे कर्म षष्ठीत येते, आणि येथे ते क्रियापद अध्याहृत आहे : ‘वीणा ऐकणारे गाढव’. आपल्याकडे त्याच्यापुढे गीता वाचली गेली. तेथे वाद्य वाजले.

दुसरी ‘पेरि ओनू स्कियास’, म्हणजे गाढवाच्या सावलीवरून भांडण. एकाने अथेन्सहून मेगाराला जाण्यासाठी गाढव भाड्याने घेतले, दुपारच्या उन्हात ते थांबवून त्याच्या सावलीत बसला, तर मालक म्हणाला की गाढव भाड्याने दिले होते, सावली नव्हे. या तीन शब्दांत दोन षष्ठी शेजारी आहेत : ‘स्कियास’ला षष्ठी ‘पेरि’ या शब्दयोगी अव्ययामुळे मिळाली, आणि ‘ओनू’ला ‘स्कियास’मुळे. क्रम पाहून ‘गाढवाविषयी’ असा अर्थ कोणी लावला तर भांडणाचा मुद्दाच नाहीसा होतो.

तिसरीत विनोदी नाटककार अरिस्टोफेनिसची करामत आहे. इ.स.पू. ४२३ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या ‘मेघ’ या नाटकात एक सावकार रडत येतो आणि घोडे हाकताना आपण पडलो असे सांगतो. कर्जबुडवा म्हातारा त्याला विचारतो : मग ‘आप ओनू’ पडल्यासारखा का बरळतोस? ‘आपो’ म्हणजे ‘-वरून’, आणि पुढे स्वर आल्यामुळे त्याचा शेवटचा ‘ओ’ लोपला आहे : ‘गाढवावरून’. पण ‘नूस’ म्हणजे बुद्धी, तिची षष्ठी ‘नू’, आणि ‘आपो नू’ म्हणजे ‘बुद्धीपासून ढळून’. रंगमंचावरून बोलताना ‘आप ओनू’ आणि ‘आपो नू’ यांचा ध्वनी एकच. घोड्यावरून पडलेला माणूस एका क्षणात गाढवावरूनही पडतो आणि अकलेवरूनही. मराठीत हे एका शब्दात उतरवता येत नाही; मी वर्गात ‘घोड्यावरून पडलास की डोक्यावर?’ असे सांगून वेळ मारून नेतो, आणि गाढव हातचे जाते.

प्रश्न ३ (नाशिक येथील एका वाचकाकडून) : ‘ओनोस’, लॅटिन ‘आसिनुस’ आणि आपले ‘गाढव’ हे शब्द एकमेकांशी संबंधित आहेत काय? आजच्या ग्रीकमध्ये गाढवाला ‘गायदूरी’ म्हणतात असे ऐकले. ते तर ‘गाढवा’सारखेच वाटते.

उत्तर : ‘गाढव’ संस्कृत ‘गर्दभ’पासून, प्राकृतातल्या ‘गड्डह’, ‘गद्दह’ अशा रूपांच्या वाटेने आला. त्यातला ‘-भ’ हा रासभ, वृषभ, शरभ अशा प्राणिनामांत दिसणारा प्रत्यय आहे, आणि ग्रीक ‘एलाफोस’ म्हणजे हरीण यातही त्याचे भावंड आहे. पण ‘ओनोस’चा त्या शब्दाशी काही संबंध नाही. घोड्याला संस्कृत ‘अश्व’, लॅटिन ‘एक्वुस’ आणि ग्रीक ‘हिप्पोस’ असा एक सामायिक वडिलोपार्जित शब्द आहे. गाढवाला तसा नाही. गाढव ईशान्य आफ्रिकेत माणसाळले आणि तेथून पश्चिम आशियात पसरले, त्यामुळे ग्रीकांनी आणि रोमनांनी जनावराबरोबर त्याचे नावही शेजाऱ्यांकडून उचलले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘गायदूरी’ हा मध्ययुगात रुळलेला बोलीतला शब्द आहे, आणि त्याचे ‘गाढवा’शी असलेले साम्य कानापुरतेच आहे. जुना ‘ओनोस’ आज ग्रंथात उरला आहे.

भारताशी त्याचा खरा संबंध दोन ठिकाणी येतो. इ.स.पू. ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्तेसिअस याने भारतात एकशिंगी ‘रानटी ओनोस’ असतात असे लिहिले, अॅरिस्टॉटलनेही ‘भारतीय ओनोस’ला एकशिंगी म्हटले, आणि युरोपातल्या एकशिंगी घोड्याच्या कथेची एक मोठी वाट तेथून निघते. दुसरा संबंध कच्छच्या छोट्या रणात धावताना दिसतो. तेथील घुडखराच्या, म्हणजे रानगाढवाच्या, शास्त्रीय नावात ‘हेमिओनुस’ आहे. ग्रीक ‘हेमिओनोस’ म्हणजे अर्धा ओनोस, अर्थात खेचर. त्यातला ‘हेमि’ हा संस्कृत ‘सामि’ म्हणजे अर्धा याचा सख्खा भाऊ. घुडखर मात्र खेचर नाही, ती स्वतंत्र जात आहे. नाव चुकीचे पडले आणि टिकले.

आणि हा शब्द ग्रीकमध्ये किती जुना आहे? मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडलेल्या रेखीय ‘ब’ या प्राचीन ग्रीक लिपीत तो आहे. क्रीट बेटावरील क्नोसॉसच्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या एका पाटीवर जनावरांचा हिशेब आहे : एका ओळीत ‘इ-क्वो’ म्हणजे घोडे, दुसरीत ‘ओ-नो’ म्हणजे गाढवे, आणि दोन्ही ओळींत ‘पो-रो’ म्हणजे पोलोस, शिंगरे. मत्तयाच्या ओवीतली जोडी हजाराहून अधिक वर्षे आधी एका कारकुनाच्या वहीत एकत्र उभी आहे. त्या लिपीत उपपद नव्हते, धातुसाधित लिहायला जागा नव्हती. म्हणून कारकुनाने शब्दापुढे जनावराचे डोके दाखवणारे चिन्ह काढले, नरासाठी त्याला एक खूण जोडली आणि मादीसाठी दुसरी, आणि मग पुढे आकडा लिहिला.